हरला, पण पडला नाही

'रॉकी' हा मुष्टियोद्ध्याचा चित्रपट 'मारामारीचा' म्हणून मी इतकी वर्षे टाळला होता. परवा धाकट्याच्या हट्टापायी पाहिला आणि पदर डोळ्यांना लावावा लागला!

फिलाडेल्फियातल्या या गरीब गड्याला थेट जगज्जेत्याशी लढायची संधी मिळते. आदल्या रात्री तो लाजऱ्या एड्रियनला सांगतो, की आपण काही जिंकणार नाही. पण पंधराव्या फेरीअखेर पायांवर उभं राहिलो तरी पुष्कळ. आणि खरंच तो गुणांवर हरतो! तरी १९७६ च्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. १९७५ साली चक वेप्नर मुहम्मद अलीपुढे पंधराव्या फेरीपर्यंत टिकला, ते पाहून सिल्व्हेस्टर स्टॅलनला ही कथा सुचली. नायकही तोच. २००६ पर्यंत आणखी पाच भाग निघाले. दुसऱ्यात तो जिंकतो. पण मला भावला तो हरलेलाच.

गेल्या महिन्यात थोरलीची शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली, तेव्हा मी फटकन बोलून गेले होते, "मग एवढी जागरणं करून उपयोग काय?" तिनं मुकाट्यानं पुस्तकं कपाटात ठेवून दिली. वर्गात परक्या मुलांना धीर देणारी मी बाई, घरी मात्र निकालच बघत बसले!

त्या रात्री तिच्याजवळ गेले. म्हटलं, "चुकलं गं माझं." ती बोलली नाही; पण कॉटवर सरकून तिनं मला जागा दिली.