जुनी व्हिनाइल उखडण्यापूर्वी

दिवाळीच्या आधी घराची डागडुजी निघाली की मधल्या खोलीतील जुनी व्हिनाइलची जमीन प्रथम डोळ्यांत खुपते. कडा वळलेल्या, रंग उडालेला, आणि पावसाळ्यात खाली ओल कोंडून सुटणारा कुबट वास तर निराळाच! ती काढावी, हे कोणासही मान्य व्हावे. परंतु आमच्या वडोदऱ्यात ती ज्या बेफिकिरीने काढली जाते, तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

व्हिनाइल सारी एका जातीची नसते. हल्ली गुंडाळीने मिळते ती पातळ व लवचीक असते; तिचे वीतभर रुंदीचे पट्टे कापून, चिकटद्रव्य ऊब देऊन सैल करून, ती सोलून काढता येते. जुन्या काळच्या कडक, चौकोनी लाद्यांची गोष्ट वेगळी. मजबुतीसाठी त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळीत असत; त्या बसविण्याच्या काळ्या डांबरी थरातही ते पुष्कळदा असत. अशा लाद्या केवळ परदेशीच होत्या असे नव्हे. त्यांच्यासाठी भारतीय मानकही ठरलेले होते.

लादी जागेवर अखंड आहे तोवर सहसा भय नाही. ती फोडली, खरवडली वा घासली की तंतू हवेत उडतात. ते डोळ्यांस दिसत नाहीत, नाकावर बांधलेल्या रुमालाने अडत नाहीत, आणि त्यांपासून होणारा फुप्फुसाचा विकार किंवा कर्करोग प्रकट होण्यास बहुधा २० ते ४० वर्षे लागतात.

आता हे काम करतो कोण? नाक्यावरून आणलेला रोजंदारीचा मजूर. घरमालक धूळ नको म्हणून खोलीचे दार लोटून घेतो, आणि मजूर आत राहतो! अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कामगाराचे आरोग्य हा त्याचा मूलभूत हक्क मानला, आणि ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी कामगारांच्या प्रकृतीच्या नोंदी किमान ४० वर्षे ठेवाव्यात असा आदेश दिला. आपल्या घरी दुपारभर खरवडणाऱ्या मजुराची नोंद कोणत्या वहीत होते?

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. जुन्या लादीचा संशय असेल तर ती उखडूच नये. नुसत्या नजरेने काही कळत नाही. प्रयोगशाळेतच तपासून घ्यावी लागते. लादी घट्ट असेल तर तिच्यावरच नवी जमीन अंथरावी. ती काढणे अटळच झाले तर जाणकाराकडून, ओली ठेवून, शक्यतो न मोडता उचलावी. कोरडे घासणे आणि कोरडा झाडू हे दोन्ही वर्ज्य. खर्च वाढतो, हे खरे. पण तो वाचविला तर त्याची भरपाई मजुराच्या छातीतून होते. आमच्या विद्यार्थी मित्रांनीही हौसेने या कामास हात लावू नये.

आणि उरलेले तुकडे, ते कोणत्याही जातीचे असोत, कोपऱ्यावरच्या शेकोटीत टाकू नयेत. व्हिनाइल जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. शेकत बसलेल्यांच्या डोळ्यांस व घशास तो प्रथम झोंबतो.