पत्ता हरवलेला दगड

माझ्या डेस्कवर मॉनिटरच्या बाजूला एक काळा दगड असतो. मुठीएवढा, मधोमध फुटलेला, आणि आत चक्राकार शंखाचा ठसा. जून २०१९ मध्ये आम्ही चौघं स्पितीला गेलो होतो, तेव्हा रस्त्यावरच्या एका मुलाकडून दोनशे रुपयांना घेतला. तेही घासाघीस करून! टीममध्ये कोणी नवीन आलं की मी तो हातात देतो आणि म्हणतो, "हा समुद्रातला प्राणी आहे, आणि मिळाला कुठे? हिमालयात." समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

परवा मात्र एका नवीन मुलीने शांतपणे विचारलं, "कुठल्या थरातला आहे?"

मी गप्प. तिने जिऑलॉजीत बीएस्सी केलंय. (आपल्याकडे सगळ्या वाटा शेवटी आयटीलाच येऊन मिळतात. असो.) मला धड गावाचं नावही सांगता येईना. त्या मुलाने तो कड्यातून काढला की नाल्यात उचलला, आजूबाजूला आणखी काय होतं, काही म्हणजे काही माहीत नाही.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. माझं निम्मं आयुष्य लॉग वाचण्यात जातं. कोणी एररची एकच ओळ कापून पाठवली, वेळ नाही, सर्व्हरचं नाव नाही, तर मी चिडतो. आणि स्वतः मात्र तसलीच एक ओळ पाच वर्षांहून जास्त काळ मिरवतोय!

मुळात जीवाश्म होणं हाच अपवाद. मेलेला प्राणी खाल्ला जातो, कुजतो, विखुरतो. टिकायचं असेल तर गाळाखाली लवकर गाडलं जावं लागतं. मऊ भाग बहुधा जातातच. कवच, हाडं, दात उरतात आणि मुरणाऱ्या पाण्यातली खनिजं त्यांत भरत जातात. माझा अमोनाइट टेथिस नावाच्या समुद्राच्या तळाशी असाच चिखलात रुतला. पुढे भारताचा भूखंड आशियाला धडकला आणि तो समुद्रतळ थेट आकाशात गेला. गंडकीतून येणारे शाळिग्राम बहुतेक याच जातकुळीतले. एखादा जाणकार शंखाच्या नक्षीवरून काळाचा अंदाज सांगेलही. पण त्याच्यासोबत कोण जगत होतं, गाळ कसला होता, ही माहिती शंखात नव्हती. ती शंखाभोवती होती. आणि ती गेली.

उलट उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनोसॉरच्या हाडांसोबत दगडी गोळे मिळतात. हे गोळे म्हणजे शेण. साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचं, दगड झालेलं शेण! वंदना प्रसाद, कॅरोलीन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्यात चक्क गवत शोधलं. गवत जमिनीतलं सिलिका शोषून पेशींत साठवतं. पान कुजतं, पण ते काचेसारखे सूक्ष्म कण आपला आकार धरून राहतात. २००५ साली हे 'सायन्स'मध्ये छापून आलं. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं असंच धरून चालत. २०११ मध्ये तर त्याच शेणात भाताच्या कुळातल्या गवताचे कण असल्याचं प्रसिद्ध झालं. आपल्या वरण-भाताचे दूरचे नातेवाईक डायनोसॉरच्या पोटात!

आता विचार करा, असा एक गोळा कोणी उचलून माझ्या डेस्कवर ठेवला असता तर? आत गवत दिसलं असतं आणि लोक म्हणाले असते, "गाईचं असेल." तो गोळा बोलला, कारण तो कुठल्या थरात होता, त्या थरावर डेक्कनचा लाव्हा कसा पसरला आणि शेजारी कोणाची हाडं होती, हे सगळं माहीत होतं.

म्हणून माझं मत सरळ आहे: जीवाश्म विकत घेऊ नका, उचलूनही आणू नका. माझा मित्र म्हणतो, "अरे, बर्फापाण्याने ते फुटून जाणारच. आणि त्या पोराला दोनशे रुपये मिळाले, त्यात वाईट काय?" मुद्दा खोटा नाही. पण आधीच निखळून पडलेले दगड किती दिवस पुरणार? भाव मिळतोय म्हटल्यावर उद्या कोणीतरी हातोडी घेऊन कड्याला भिडणारच. आणि भाव आपणच तयार करतो, बाइकवरून येणारे, सुट्टीचे पैसे खिशात असलेले आपण.

मग करायचं काय? पोराला दोनशेऐवजी पाचशे द्या, पण दगडाचे नाही, दाखवण्याचे. "कड्यात कुठे दिसतो, चल दाखव" म्हणा. फोटो काढा, लोकेशन ठेवा, आणि दगड तिथेच राहू द्या. मिरवायला तेवढं पुरतं. आणि कोणी थर विचारलाच, तर दाखवायला काहीतरी असतं.

माझा दगड आता परत कुठे ठेवणार? जागाच माहीत नाही. कालच त्याच्या खाली एक चिठ्ठी चिकटवली: "स्पिती, जून २०१९. विकत घेतला. जागा माहीत नाही." नवीन माणसाला दगड दाखवायचा झाला तर यापुढे ती चिठ्ठीही वाचायला देणार आहे.