म्हातारपणची शुश्रूषा आणि विम्याचा कागद

भातपीक बुडालें अथवा चिकूचा बहर वाऱ्यानें झडला, तर वर्ष कसें काढावें याचा हिशेब आमच्या पालघर तालुक्यांतील बागायतदार मनाशीं बांधून असतो. परंतु घरांतील वडील माणूस अर्धांगवायूनें अंथरुणास खिळलें आणि पांच-सात वर्षें तसेंच राहिलें, तर त्याच्या शुश्रूषेचा खर्च कोठून यावयाचा, हा हिशेब मांडलेला क्वचितच आढळतो. विषय काढल्यास ‘आमचा विमा आहे’ असें पुष्कळ जण समाधानानें सांगतात. हें समाधान कितपत साधार आहे, तें वाचकांनीं एकदां तपासावें अशी आमची विनंति आहे.

रुग्णालयांतील उपचार निराळे आणि रोग्याची नित्याची सेवा निराळी. शस्त्रक्रिया, औषधें, खाटेचें भाडें यांचा खर्च विमा देतो. रोगी घरीं आणल्यावर त्यास न्हाऊं घालणें, कपडे चढविणें, उठविणें-बसविणें या कामाचा पैसा सामान्य आरोग्यविमा देत नाहीं. हें आम्ही तर्कानें बोलत नाहीं. विमा नियामक प्राधिकरणानें वर्जित बाबींची जी प्रमाण यादी घालून दिली आहे, तींत पांचव्या क्रमांकास हीच सेवा आहे. ती घरीं होवो वा शुश्रूषागृहांत, शिकलेल्या परिचारिकेनें केलेली असो वा साध्या बाईनें. दलाल विमापत्राचें पहिलें पान दाखवितो. शेतकऱ्यानें वर्जित बाबींचें पान मागून घ्यावें.

सरकारी योजनांचीही गोष्ट हीच. सत्तर वर्षें पुरीं झालेल्या सर्वांस, उत्पन्नाची अट न घालतां, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेचें कार्ड मिळतें आणि कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. तें कार्ड अवश्य काढावें. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत ज्यांचे मुलगे राज्य विमा योजनेंत आहेत, त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आईबापांसही त्या योजनेंत दवापाणी मिळूं शकतें. हें पुष्कळांस ठाऊक नसतें. वर्षास २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा अपघातानें कायमचें संपूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख देतो, परंतु अर्धांगवायु हा अपघात नव्हे. यांतील एकही योजना रात्रीं उशाशीं बसणाऱ्या माणसाची मजुरी देत नाहीं.

जर्मनीनें १९९५ सालीं आणि जपाननें २००० सालीं शुश्रूषेचा स्वतंत्र सक्तीचा विमा सुरू केला. जपानांत चाळिशीपासून प्रत्येकास वर्गणी भरावी लागते. आमच्या देशांत तसें कांहीं नाहीं. येथें ती वर्गणी घरची सून भरते, आणि तिची पावती कोणी फाडीत नाहीं. पूर्वीं चार जावांत हें काम वांटलें जाई. आतां मुलगा पाळीवर, सून बोईसरला नोकरीवर, आणि नातवंडें शिकावयास बाहेर. मग पगारी बाई ठेवावी लागते, आणि दोन वर्षांनीं वाडीचा एखादा तुकडा विकण्याची भाषा सुरू होते. जमिनीस गिऱ्हाईक येथें चटकन मिळतें. मात्र अडलेल्याची जमीन योग्य भावानें कोणी घेत नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, उपचारांकरितां विमा घ्यावा आणि सेवेकरितां जमिनीचें उत्पन्न राखून ठेवावें. विमा चाळिशी-पन्नाशींतच घ्यावा. पासष्टीनंतर विमा नाकारण्याची जुनी वयोमर्यादा २०२४ मध्यें उठली असली तरी हप्ता वयाबरोबर चढतो, आणि अगोदरच्या दुखण्यांस तीन वर्षांपर्यंत थांबावें लागूं शकतें.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आमच्याकडे बाप हयातींतच सारी वाडी मुलांच्या नांवें करून मोकळा होतो, आणि ‘मुलें पाहतील’ म्हणतो. बहुतेक पाहतातही, तथापि जीं पाहत नाहींत त्यांच्यासाठींच कायदा आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचें २३ वें कलम सांगतें कीं, पालनपोषणाच्या अटीवर दिलेली मिळकत घेऊन मुलानें ती अट मोडली, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणास तें बक्षीसपत्र रद्द ठरवितां येतें. परंतु अशी अट होती हें दाखवावें लागतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ मध्यें म्हटलें आहे. मुलाकडून अट लिहून घेणें हा अविश्वास, असें कित्येकांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. खंडाची जमीन सख्ख्या भावास देतांनाही आपण कागद करतोंच.

या सुगीनंतर ज्यांच्या घरीं बक्षीसपत्रें व्हावयाचीं असतील, त्यांनीं नोंदणीपूर्वीं मसुदा वकिलास दाखवावा. त्यांत ‘सेवा करावी’ एवढेंच मोघम न लिहितां, कोणत्या वाडीचें उत्पन्न आईबापांच्या खात्यांत जमा व्हावयाचें, सेवेस बाई ठेवल्यास तिचा पगार कोणीं द्यावयाचा, आणि लेक माहेरीं येऊन सेवा करील तर तिचा खर्च कशांतून निघावयाचा, हें सर्व नांवानिशीं लिहावें.