नवे शहर, नवे विमानतळ आणि पॉइंटांचा हिशेब

व्यापारी कुटुंबातील एखादा मुलगा नव्या शहरात शाखा उघडण्यासाठी निघतो, तेव्हा घरात अनेक याद्या तयार होतात. गोदामाची जागा, भाडेकराराची अनामत, बँकेतील चालू खाते, मुलांची शाळा, घरापासून मंदिराचे अंतर. या याद्यांत एक बाब सहसा नसते. पुढील काही वर्षे ज्या विमानतळावरून सतत ये-जा होणार, तिथून कोणत्या कंपनीने प्रवास करावा आणि तिच्या फ्रिक्वेंट फ्लायर योजनेत, म्हणजे नियमित प्रवाशांना पॉइंट देणाऱ्या योजनेत, सदस्य व्हावे की नाही, याचा विचार कोणी करत नाही. जुन्या शहरात जी योजना होती तीच सवयीने पुढे चालते, किंवा क्रेडिट कार्ड विकणारा प्रतिनिधी जी सुचवेल ती स्वीकारली जाते. वर्षाला दोन-तीन लाख रुपये तिकिटांवर खर्च करणाऱ्या घराने हा निर्णयही खरेदीच्या अन्य निर्णयांइतकाच तपासून घ्यावा, म्हणून या महिन्यात हा विषय घेतला आहे.

पॉइंट म्हणजे नेमके काय?

या प्रकाराचे आजचे रूप अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी सुरू केलेल्या योजनेपासून रूढ झाले. त्यामागील तर्क व्यापाऱ्याला सहज कळेल असा आहे. उड्डाण झाल्यावर रिकाम्या राहिलेल्या खुर्चीची किंमत शून्य होते. संध्याकाळी मंडईत उरलेल्या पालेभाजीसारखीच ही गोष्ट. ती खुर्ची पुढे एखाद्या निष्ठावान गिऱ्हाइकाला दिली, तर कंपनीला फारसा तोटा नाही आणि गिऱ्हाईक बांधले जाते.

हिशेबाच्या भाषेत पॉइंट हे कंपनीचे देणे आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या ‘इंड एएस ११५’ या लेखामानकानुसार तिकिटाच्या रकमेतील पॉइंटांपुरता भाग कंपनीला लगेच उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. पॉइंट वापरले जाईपर्यंत किंवा त्यांची मुदत संपेपर्यंत तो दायित्व म्हणून ताळेबंदात राहतो. म्हणजे आपण त्या कंपनीचे धनको झालो. मात्र असे धनको, ज्यांच्याकडे तारण नाही, व्याज नाही आणि परतफेडीचा दर ठरवण्याचा अधिकारही नाही.

या योजनांचे मोल किती मोठे असते, हे कोरोनाच्या काळात दिसले. विमाने जमिनीवर उभी असताना अमेरिकेतील डेल्टा कंपनीने २०२० साली आपली योजना तारण ठेवून ९ अब्ज डॉलर उभे केले. अमेरिकन एअरलाइन्सने २०२१ मध्ये त्याच मार्गाने १० अब्ज डॉलर मिळवले. आपल्याला ‘मोफत’ मिळणाऱ्या वस्तूवर एवढे कर्ज मिळते, याचा अर्थ तिचा खर्च कुठे ना कुठे आपणच भरत असतो.

आधी शहर, मग कंपनी

योजनेची निवड पत्रकातील चित्रे पाहून करायची नसते. ती विमानतळाच्या वेळापत्रकावरून करायची असते. समजा, सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याचा थोरला मुलगा बेंगळुरूला शाखा सांभाळण्यासाठी जात आहे. सांगलीला विमानतळ नाही. जवळचे कोल्हापूर आणि बेळगाव. घरी येण्याजाण्यासाठी राणी चन्नम्मा एक्सप्रेसची रात्रीची गाडी अनेकदा अधिक सोयीची. म्हणजे ‘गाव ते शहर’ हा प्रवास विमानाच्या हिशेबातून जवळजवळ वगळावा लागतो. उरतो तो धंद्याचा प्रवास: बेंगळुरूहून मुंबई, दिल्ली, कोची, आणि निर्यातीसाठी अधूनमधून दुबई किंवा युरोप.

प्रथम एक साधा तक्ता करावा. डावीकडे पुढील बारा महिन्यांत अपेक्षित प्रवास, त्यापुढे त्या मार्गावर थेट विमाने कोणाची, दिवसाला किती आणि कोणत्या वेळी. हा तक्ता भरला की निम्मा निर्णय आपोआप होतो.

देशांतर्गत प्रवाशांत इंडिगोचा वाटा गेल्या काही वर्षांत ६० टक्क्यांहून अधिक राहिला आहे आणि बेंगळुरूहून सर्वाधिक देशांतर्गत विमाने तिचीच आहेत. अनेक वर्षे या कंपनीची स्वतःची अशी योजना नव्हती. २०२४ मध्ये तिने ‘ब्लूचिप’ सुरू केली. दुसरा पर्याय एअर इंडियाचा. तिच्या जुन्या ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजनेचे आताचे नाव ‘महाराजा क्लब’. ही कंपनी ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या आंतरराष्ट्रीय संघात आहे. सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्थान्सा, थाई, टर्किश आणि युनायटेड या कंपन्या त्याच संघातील. त्यामुळे बेंगळुरूहून लुफ्थान्साने फ्रँकफर्टला गेलेल्या प्रवाशाला त्या तिकिटाचे पॉइंट, भाड्याच्या वर्गाच्या अटी पाळून, एअर इंडियाच्या खात्यात घेता येतात.

मात्र आखातात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की एमिरेट्स आणि एतिहाद या कंपन्या कोणत्याही मोठ्या संघात नाहीत. कतार एअरवेज आहे, पण ती वनवर्ल्ड या दुसऱ्या संघात. ज्यांचा कारभारच दुबईला हलतो आहे त्यांच्यासाठी एमिरेट्सची ‘स्कायवर्ड्स’ हीच स्वाभाविक निवड ठरेल. पण ज्यांना वर्षातून एकदाच दुबईला जायचे आहे, त्यांनी त्या एका फेरीकडे पाहून योजना ठरवू नये. कोठाराची जागा रोजच्या मालावरून ठरते, दिवाळीच्या मालावरून नाही.

वेळापत्रक पाहताना आपल्या घरांतील एक गोष्टही विचारात घ्यावी. ज्यांना सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे असते त्यांच्यासाठी संध्याकाळी सहाचे विमान आणि दुपारी दोनचे विमान यांत मोठा फरक आहे. लांबच्या प्रवासात जैन भोजन हवे असल्यास ‘व्हीजेएमएल’ या सांकेतिक नावाने ते तिकिटासोबतच नोंदवावे. बहुतेक कंपन्या किमान चोवीस तासांची पूर्वसूचना मागतात. सोयीच्या वेळेचे विमान सोडून पॉइंटांसाठी गैरसोयीचे विमान पकडणे हा व्यवहार नव्हे.

पॉइंटची किंमत पैशांत काढावी

योजनांच्या जाहिरातीत पॉइंटांचे आकडे हजारांत असतात आणि ते वाचून मन सुखावते. पण एका पॉइंटची किंमत किती पैसे, हे काढल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. पद्धत सोपी आहे. एखादे नेहमीचे तिकीट रोखीने किती आणि पॉइंटांनी किती, हे एकाच दिवशी पाहावे. समजा, रोखीने भाडे ६,००० रुपये आहे. तेच तिकीट ९,००० पॉइंट अधिक १,२०० रुपये कर व शुल्क भरून मिळते. म्हणजे ९,००० पॉइंटांनी आपले ४,८०० रुपये वाचवले. एका पॉइंटचे मोल सुमारे ५३ पैसे.

आता मिळकतीची बाजू. समजा, मूळ भाड्याच्या प्रत्येक १०० रुपयांवर ६ पॉइंट मिळतात. म्हणजे परतावा सुमारे ३ रुपये २० पैसे, सव्वातीन टक्के. ५,००० रुपये मूळ भाडे असेल, तर ३०० पॉइंट, म्हणजेच १६० रुपये. हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या योजनेचे आकडे घालावेत. पण त्यातून निघणारा नियम पक्का आहे. प्रतिस्पर्धी कंपनीचे तिकीट ७०० रुपयांनी स्वस्त असताना १६० रुपयांच्या पॉइंटांसाठी महाग तिकीट घेणे म्हणजे ५४० रुपये खिशातून टाकणे. असे महिन्यातून दोनदा केले तर वर्षाला तेरा हजारांच्या आसपास रक्कम निष्ठेच्या नावाखाली जाते.

पूर्वी अनेक योजनांत पॉइंट अंतरावर मिळत. आता बहुतेक ठिकाणी ते खर्चावर मिळतात. एअर इंडियानेही एप्रिल २०२४ पासून हाच पाया स्वीकारला. त्यामुळे ‘लांबचा प्रवास केला की भरपूर पॉइंट’ ही जुनी समजूत सोडून द्यावी. तसेच एकाच उद्योगसमूहाची दुसरी विमान कंपनी असली, तरी तिच्या तिकिटावर पॉइंट मिळतीलच असे गृहीत धरू नये, अटी वाचाव्यात.

पॉइंटांपेक्षा श्रेणीचा, म्हणजे सिल्व्हर, गोल्ड वगैरेंचा, उपयोग काहींना अधिक असतो. देशांतर्गत साध्या वर्गात तपासणीच्या सामानाची मर्यादा सामान्यतः १५ किलो असते. नमुन्याच्या पिशव्या घेऊन फिरणाऱ्याला जादा सामानाची मुभा ही रोख बचत आहे. पण श्रेणी टिकवण्यासाठी वर्षअखेरीस विनाकारण फेरी करणे म्हणजे लाखाचे बारा हजार करणे होय. जुन्या शहरात एखाद्या कंपनीची वरची श्रेणी असेल, तर नव्या कंपनीकडे ती दाखवून तशीच श्रेणी मिळते का, हे विचारावे. काही कंपन्या ठरावीक मुदतीसाठी अशी सवलत देतात.

धोके

बँकेत ठेव ठेवली तर ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पॉइंटांना असे कोणतेही संरक्षण नाही. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. जेटची योजना वेगळ्या कंपनीत होती, म्हणून सदस्यांचे पॉइंट पूर्ण बुडाले नाहीत. पुढे ती ‘इंटरमाइल्स’ झाली. पण ज्या विमानांसाठी पॉइंट जमवले ती विमानेच उरली नाहीत. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिचे पॉइंट नव्या खात्यात गेले. अशी सुखरूप वाट नेहमीच मिळेल असे नाही.

दुसरा धोका भाव घसरण्याचा. आज ९,००० पॉइंटांत मिळणारे तिकीट उद्या १२,००० मागेल, आणि त्यासाठी कंपनीला आपली संमती लागत नाही. म्हणून पॉइंट साठवण्याची वस्तू नाही. मुलीच्या लग्नासाठी सोने राखून ठेवतात तसे ते राखू नयेत. वर्ष-दोन वर्षांत वापरून खाते हलके ठेवावे.

तिसरा धोका क्रेडिट कार्डाचा. विमान कंपनीच्या नावाचे कार्ड घेतल्यास पॉइंट लवकर जमतात, हे खरे. परंतु थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला ४२ टक्के. दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्यानेच या वाटेला जावे. तसेच बँकेचे पॉइंट विमान कंपनीकडे एकदा वळवले की ते सहसा परत येत नाहीत. तिकीट उपलब्ध असल्याचे पाहूनच वळवावेत.

पेढी, भाऊ आणि पॉइंट

शेवटी एक नाजूक बाब. तिकिटाचे पैसे पेढी भरते, पॉइंट मात्र प्रवास करणाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात जमा होतात. चार भावांच्या भागीदारीत एकच भाऊ फिरत असेल, तर वर्षाअखेरीस त्याच्या घरची सहल पॉइंटांवर होते आणि दुकान सांभाळणाऱ्या भावाच्या घरात कुजबुज सुरू होते. रक्कम लहान असते, पण मने लहान व्हायला ती पुरते. यावर उपाय अवघड नाही. धंद्याच्या प्रवासातून आलेले पॉइंट प्रथम धंद्याच्याच तिकिटांसाठी वापरायचे, किंवा पाळीपाळीने प्रत्येक घराला द्यायचे, असे आधीच बोलून ठरवावे आणि लिहून ठेवावे. काही योजनांत कुटुंबाचे सामाईक खाते करता येते. मात्र ‘कुटुंब’ कोणाला म्हणायचे हे योजना ठरवते, आपण नाही.

अनेक योजनांच्या अटींनुसार पॉइंट ही सदस्याची मालमत्ता मानली जात नाही आणि सदस्याच्या निधनानंतर ते वारसांना मिळतीलच असे नाही. वयस्कर सदस्यांच्या खात्यात मोठी शिल्लक ठेवू नये, हे यातून ओघाने येते.

नवी शाखा दुसऱ्या राज्यात असेल, तर जीएसटी क्रमांकही वेगळा असतो. बेंगळुरूच्या शाखेच्या कामाचे तिकीट सांगलीच्या क्रमांकावर काढले, तर कराची वजावट घेताना हिशेबनीसाची तारांबळ उडते. तिकीट काढतानाच योग्य क्रमांक नोंदवावा. या वजावटीची रक्कम पुष्कळदा पॉइंटांच्या किमतीहून अधिक भरते.

शहर सोडण्यापूर्वी जुन्या खात्यातील शिल्लक व मुदत लिहून घ्यावी. मोबाइल क्रमांक बदलणार असल्यास आधी खात्यात बदलावा, नाहीतर ओटीपी जुन्या क्रमांकावर जात राहतो. सदस्याचे नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळवावे. वडिलांचे नाव एका ठिकाणी असणे आणि दुसऱ्या ठिकाणी नसणे, एवढ्यावरून पॉइंट अडतात. ते खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास जपून ठेवावा. सदस्यत्व फुकट असल्याने दोन योजनांत नाव घालण्यास हरकत नाही, पण मुख्य योजना एकच असावी. आणि सहा महिन्यांनी तो पहिला तक्ता पुन्हा उघडून पाहावा. अपेक्षित प्रवास आणि प्रत्यक्ष प्रवास यांत अंतर पडले असेल, तर योजना बदलण्यास संकोच करू नये. विमान कंपनीशी आपले नाते व्यवहाराचे आहे. निष्ठा राखायची ती आपल्या हिशेबाशी.