दुष्काळ नुसता आभाळातून येत नाही

गेल्या उन्हाळ्यात शिरूर अनंतपाळजवळच्या एका वस्तीवर आम्ही मुलांची वजनं घेत होतो. नातवाचा काटा पुढे सरकेना, तेव्हा आजी म्हणाली, "पाऊसच न्हाई ताई, लेकरू कशानं बाळसं धरंल?" मी मान डोलावली. एम.एस.डब्ल्यू.च्या परीक्षेत 'दुष्काळ ही नैसर्गिक आपत्ती' असंच मीही लिहिलं होतं. आज मला ते अर्धंच खरं वाटतं.

मैत्रिणींनो, दुसरं एक शिरूर आहे, पुणे जिल्ह्यातलं. त्या तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ पासून जवळजवळ पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, अन्सारी, ढवळीकर यांनी तिथे उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. तिथे बांध होता, पाण्याचा कालवा होता आणि पाच खोल्यांच्या मोठ्या घराला लागून धान्याचं कोठार होतं. इसवी सनापूर्वी १००० नंतर चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव ओस पडलं. ढवळीकरांनी कारण दिलं ते घटलेल्या पावसाचं.

या गावात मेलेली तान्ही मुलं मडक्यांत घालून घरातल्याच जमिनीखाली पुरत. त्या हाडांचा अभ्यास ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या पुस्तकात मांडला. शेवटच्या काळातली मुलं वयाच्या मानाने खुरटलेली होती. मात्र नुसत्या पावसाकडे बोट दाखवून भागत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलूख आधीपासूनच कमी पावसाचा होता. माणसांनी त्यावर घातलेला भारही मोजायला हवा.

आता आपल्याकडे या. आमची घरणी मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. गोदावरीच्या मुखापुढे समुद्राच्या तळाचा गाळ काढून तपासलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. हजारो वर्षांपूर्वी पावसाळा कमजोर झाला तशी मातीची धूप वाढली, आणि पुढे दख्खनवर शेती पसरली तशी ती आणखी वाढली, असं त्यात दिसतं. झाडोरा विरळ झाला की एक जोराची सर माती घेऊन जाते. बांधावर राबणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

म्हणजे ही उघडीबोडकी माळरानं आभाळानं आणि माणसानं मिळून घडवली आहेत. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याआधी वर्षानुवर्षं याच मांजरेच्या खोऱ्यात ऊस वाढत गेला होता. शेतकऱ्याचीही अडचण आहे: उसाला गिऱ्हाईक ठरलेलं, तुरीच्या भावाचा भरवसा नाही. तरीही ऊस लावायचा निर्णय पावसाने घेतला नव्हता.

मग निर्णय कोण घेतं? १९७२ च्या दुष्काळी कामांवर खडी फोडली बायकांनी, पाट्या वाहिल्या बायकांनी. १९९२ साली 'लक्ष्मीमुक्ती'चा शासन निर्णय निघाला, पण माझ्या बैठकांना येणाऱ्या बहुतेकींचं नाव आजही सातबाऱ्यावर नाही. कुठलं पीक घ्यायचं, बोअर किती खोल मारायचं, हे त्यांना कुणी विचारत नाही. लेकरू खुरटलं की मात्र "आई लक्ष देत नाही" म्हणायला सगळे पुढे!

ग्रामसभेआधी बायकांची सभा घ्यावी, असं कायदा सांगतो. पुढच्या सभेला आपण अंगणवाडीची वजनाची वही घेऊन जाऊ. शेजारी गावातल्या बोअरचा आणि उसाचा हिशेब मांडू. दोन्ही वह्या एकत्र वाचू. इनामगावात तो हिशेब मेलेल्या लेकरांच्या हाडांवरून लावावा लागला. आपली लेकरं अजून काट्यावर बसताहेत.