नवऱ्याचा रिपोर्ट कुठाय?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,


मी आशा स्वयंसेविका आहे. तेरा वर्षं गावात घरोघर फिरते. कोणाला किती मुलं, कोण गोळ्या घेते, कोणी तांबी बसवली, कोणाचं ऑपरेशन झालं, सगळं माझ्या वहीत असतं. बाईला ऑपरेशनला नेलं की मला मोबदला मिळतो, बाळंतपणाला नेलं तरी मिळतो. ज्यांच्या नावापुढे मुलं शून्य, त्यांच्या दारात थांबून बोलायचं काय, हे मात्र एकाही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही. मग मीही "काय गं, काही आहे का?" एवढंच विचारून पुढे जायची. तिची सासू तेच विचारते, आणि ओटी भरताना तिला वगळणाऱ्या बायकाही तेच विचारतात.

आमच्या वस्तीवरच्या एका सुनेची गोष्ट सांगते, तिला विचारूनच. लग्नाला सात वर्षं झालेली. कापडी पिशवीत अकरा सोनोग्राफ्या, नळ्यांचा एक्स-रे, दोनदा 'पिशवी धुतल्याचे' कागद, एकदा दुर्बिणीची तपासणी. एक गाय त्यात गेली. कागद उलटता उलटता मी विचारलं, नवऱ्याचा रिपोर्ट कुठाय? नव्हताच. कुणी मागितलाच नव्हता. मागितला असता तरी सासूने मुलाला पाठवलं नसतं, हेही खरं.

तपासणी ती केवढी! दोन ते सात दिवस संबंध टाळायचा, डबीत वीर्य द्यायचं, तासाभरात ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. तरी सुया, भूल आणि उपास सगळे बाईच्या वाट्याला.

शेवटी त्या सुनेचा नवरा तयार झाला. तालुक्याच्या खासगी लॅबमधल्या पोराने डबी दिली आणि जिन्याखालचा संडास दाखवला. आतली कडी तुटलेली. त्या दिवशी तो रिकामी डबी घेऊन बाहेर आला. चार दिवसांनी दोघं पुन्हा गेले, तेव्हा बायको बाहेरून दार ओढून धरून उभी राहिली. रिपोर्टात लिहून आलं, शुक्राणू शून्य. सोळाव्या वर्षी त्याला गालगुंड झालं होतं, अंडही सुजलं होतं; त्यामुळे असावं, असं डॉक्टर म्हणाले. (आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंडाची लस नाही. त्यावर वेगळं पत्र लिहीन.)

उपचाराचं म्हणाल, तर १९८६ साली मुंबईच्या केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यात, डॉ. इंदिरा हिंदुजांनी टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणलं. आज खासगीत एका खेपेला लाख-दीड लाख लागतात आणि आयुष्मान कार्डात हा उपचार बसत नाही. शेजारी गोव्यात, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात मोफत आयव्हीएफ सुरू झालं, ते आपल्याकडेही जिल्ह्याजिल्ह्यात हवंच. २०२१ च्या कायद्याने आयव्हीएफ सेंटरांना नोंदणी सक्तीची केली, बाईला पन्नास आणि पुरुषाला पंचावन्न वयाची मर्यादा घातली. चांगलं झालं. पण आमची माणसं त्या सेंटरच्या कितीतरी अलीकडे अडकलेली आहेत.

म्हणून मागणं लहान आहे. वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत, बाई पस्तिशीपुढची असेल तर सहाच महिने, की जोडप्याला तपासणीला पाठवायचं, हे आमच्या कामात लिहून द्या. केसपेपर दोघांच्या नावाने काढा. बाईला दुर्बिणीच्या टेबलावर घेण्याआधी डॉक्टरांनी नवऱ्याचा रिपोर्ट बघितलाच पाहिजे, असा आदेश काढा.

आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस वीर्याची ही तपासणी फुकट ठेवा. त्यासाठी एक खोली लागेल, हात धुवायला पाणी लागेल, आणि दाराला आतून कडी.

आपली,
एक आशा स्वयंसेविका