दोनशे तासांची किंमत

शिष्यवृत्तीचा इतिहास हा आपल्या चळवळीच्या इतिहासाचाच एक अध्याय आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि तरुण भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून साठवलेली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज एवढे जमवून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. बुद्धी १९१७ साली होती तीच १९२० सालीही होती. मधली तीन वर्षे गेली ती पैशापायी.

हा इतिहास आठवण्याचे कारण असे की, अलीकडे परतूर परिसरातील पालकही एक नवा प्रश्न विचारू लागले आहेत: "सर, मुलाला पायलट करायचे आहे. खर्च किती आणि पगार किती?" ज्या गावातून विमान पकडायचे तर छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड गाठावे लागते, तेथे हा प्रश्न विचारला जातो याचा मला आनंद आहे. पण जाहिरातींत दिसतो तो कॅप्टनचा पगार. तिथवर पोहोचण्याच्या वाटेचा हिशेब कोणी मांडत नाही.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्या देशात किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांतील १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन करावे लागतात. कॅप्टन होण्यासाठी लागणारा वरचा परवाना १५०० तासांनंतर मिळतो. पहिले २०० तास विद्यार्थी पैसे मोजून विकत घेतो. पुढचे तास कंपनीत सहवैमानिक म्हणून मिळतात आणि त्यांचा पगारही मिळतो. म्हणजे या क्षेत्रात अनुभवाची पहिली पायरी गुणांनी चढता येत नाही, ती विकतच घ्यावी लागते.

तिची किंमत पाहू. रायबरेलीजवळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमीचे शुल्क अलीकडच्या वर्षांत ४५ लाखांच्या घरात आहे. २०० तासांनी भागले तर एका तासाला साडेबावीस हजार रुपये पडतात. परवाना हाती आल्यावर एअरबस वा बोइंगसारखे विशिष्ट विमान चालवण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याचा खर्च वेगळा, आणि तोही बहुधा उमेदवाराच्याच माथी. सारे मिळून ६० लाखांचे कर्ज धरले आणि ते ११ टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे म्हटले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ८२ हजार होतो. त्यातही शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या पुढे गेले की बँक सर्वसाधारणपणे तारण मागते. भूमिहीनाने तारण आणायचे कोठून?

पगार चांगला असतो, हे खरे. परंतु परवाना म्हणजे नोकरी नव्हे. परवाना मिळाल्यावर भरतीची वाट पाहावी लागते. निवड झाली तरी प्रशिक्षणाच्या काळात हाती येणारी रक्कम बेताचीच असते. पुढेही वेतनाचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो. कंपनीची विमाने जमिनीवर राहिली की उत्पन्नही खाली येते. जेट एअरवेजची उड्डाणे एप्रिल २०१९ मध्ये थांबली, त्याआधी तेथील वैमानिकांचे पगार काही महिने थकले होते. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली. कंपनी बुडते, बँकेचा हप्ता मात्र चालूच राहतो.

अनुभव आणि वेतन यांचा संबंध अमेरिकेतही ऐरणीवर आला होता. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० माणसे दगावली. चौकशीत सहवैमानिक तरुणीचा तुटपुंजा पगार आणि नोकरीच्या ठिकाणी पोहोचण्यासाठी तिने केलेला रात्रभराचा प्रवास समोर आला. त्यानंतर तेथे सहवैमानिकालाही साधारणतः १५०० तासांची अट लागू झाली. वास्तविक त्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० हून अधिक होते! तासांचा आकडा वाढवणे सोपे असते. माणसाला पुरेसे वेतन आणि पुरेशी विश्रांती देणे अवघड असते.

मग आपल्या मुलांनी हे स्वप्न पाहूच नये काय? माझे मत नेमके उलट आहे. स्वप्न पाहावे, पण त्याचा सारा बोजा एका कुटुंबाच्या चार एकरांवर टाकू नये. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या उच्च दर्जाच्या शिक्षणाच्या शिष्यवृत्ती योजनेत या प्रशिक्षणाचा समावेश झाला, हे स्वागतार्हच होते. पण तिच्या मूळ नियमांत खासगी उड्डाण क्लबांसाठी वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा होती. वरच्या दराने हे जेमतेम साडेसोळा तास होतात. एअर इंडिया सरकारी होती तोवर तेथील भरतीत आरक्षण होते. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटा समूहाकडे गेली आणि तो दरवाजाही मिटला. रायबरेलीच्या अकादमीत राखीव जागा आहेत, मात्र जागा मिळाली तरी शुल्काचा प्रश्न उरतोच.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने दरवर्षी मोजक्याच, पण पूर्ण खर्चाच्या शिष्यवृत्त्या द्याव्यात. त्यांत २०० तास, विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण आणि भरती होईपर्यंतचा निर्वाह धरावा. बदल्यात सेवेची अट घातली तरी हरकत नाही. बडोद्याच्या करारातही दहा वर्षांच्या नोकरीची अट होतीच.

तोवर पालकांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दहावीनंतर भौतिकशास्त्र आणि गणित सोडू देऊ नये. एक रुपयाही शुल्क भरण्यापूर्वी मुलाची वैद्यकीय तपासणी, विशेषतः डोळ्यांची, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून करून घ्यावी. आणि हवाई दलाचा मार्ग आधी पाहावा, कारण तेथे उड्डाणाचा प्रत्येक तास सरकारच्या खर्चाने होतो. एनडीएच्या तयारीसाठी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरातच आहे. मुलींसाठी तशी संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विमानात सर्व महिला असलेल्या चमूचे नेतृत्व केले होते. तेव्हा 'हे मुलींचे काम नव्हे' असे म्हणायला आता जागा नाही.

या शाळेचे माजी विद्यार्थी आज शिक्षक, अभियंते, अधिकारी आहेत. त्यांनी ठरवले तर गावातल्या एका होतकरू मुलाची किंवा मुलीची तपासणी, परीक्षेचे शुल्क आणि तयारीचा खर्च सहज उचलता येईल. १९२० साली लंडनच्या वाटखर्चात एका मित्राचेही पैसे होते, हे आपण विसरू नये.